चिंचोका जिभेखाली

पडदा वर जातो आणि दिसतो तो लातूरच्या गंजामागचा, धान्यबाजारामागचा माळ. दुपार कललेली आहे. बांबूंवर ताणलेली कनात वाऱ्याने फुगते, बसते, पुन्हा फुगते. पलीकडे बार्शीकडून आलेली छोटी गाडी शिट्टी देते आणि हमालांच्या आरोळ्यांत ती शिट्टी विरून जाते. कनातीच्या आत, उजव्या हाताला, रंगपट. तिथे एक पत्र्याची पेटी, पेटीवर टेकवलेला आरसा, आणि आरशापुढे मांडी घालून बसलेला एक पुरुष. तो आपल्या चेहऱ्यातून सावकाश एक बाई बाहेर काढतो आहे.

हा मल्लिकार्जुन. चन्नबसप्पा मालकांच्या संगीत नाटक कंपनीतला स्त्रीपार्टी, म्हणजे नाटकात बायकांच्या भूमिका करणारा नट. आधी त्याने चोळीच्या आत गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. मग कपाळावरची विभूती पुसली, पण सगळी नाही. कानामागे बोटभर राहू दिली. मग सफेदा, मग काजळ, मग गंगावन. चंद्रप्रभा राणी तयार झाली की तो कोणाशी बोलत नसे. बोलला तर राणी घाबरून निघून जाते, असं तो म्हणायचा.

युरोपात दुसरी मोठी लढाई पेटली होती तेव्हाची ही गोष्ट. आपल्याकडे निजामाचं राज्य होतं. नाटक लावायचं तर आधी तहसीलीतून इजाजत आणायची, आणि पहिल्या रांगेत पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांची खुर्ची मांडायची. लढाईमुळे गॅसबत्तीचं रॉकेल मिळेनासं झालं होतं आणि कंपनीचा शिंपी फौजेचे कपडे शिवायला हैदराबादला पळाला होता. त्यामुळेच ती बाई कंपनीत आली.

आणली सिद्धम्माने. सिद्धम्मा म्हणजे कंपनीची स्वयंपाकीण; मालकाला अरेतुरे करायचं तेवढं ती टाळायची, बाकी कोणाची भीड नाही.

"मालक, ही विमल. नवऱ्यानं टाकलीय म्हनती. सुईत हात चांगला हाय."

"कुठली?" मालकांनी पानाचा तोबरा गालात सारत विचारलं.

"सोलापूरकडची."

"तिकडची इकडं काय करून राहिली?"

"खायला शोधून राहिली, दुसरं काय. टिकल्या कोण लावनार राणीच्या लुगड्याला? मी? मला चूल हाय."

मालकांनी मान हलवली. विमल कपडेपटात बसली.

प्रेक्षकहो, नटांना ठाऊक नसलेली एक गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. हिचं नाव विमल नव्हतं. ती नांदेडच्या रेणुकादास वकिलांची थोरली मुलगी, प्रमोदिनी. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे टाकायला नवराही नव्हता. निजामाच्या हद्दीबाहेर, सोलापुरात छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकात ती लिहायची. वडील समजत, मुलगी मावशीकडे राहून शिवणकाम शिकते आहे. शिवणकाम ती खरंच शिकली होती, तेवढं काही खोटं नव्हतं.

तिची लिहायची तऱ्हा वेगळी होती. लांबून बघून लिहायचं नाही. ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्यात जाऊन राहायचं, त्यांचं काम आपल्या हाताने करायचं, आणि अंगाला ते काम कळलं की मगच कागदाला हात लावायचा. लातूरच्या जिनिंगमध्ये बायकांबरोबर सरकी वेचली, तेव्हा त्या बायकांना वाटलं, ही मालकाने पेरलेली. चाकूरजवळ सुईणींच्या वस्तीत राहिली, तेव्हा त्यांना वाटलं, हिला मूल होत नाही म्हणून आपली विद्या चोरायला आली. जिथे गेली तिथे लोकांनी तिला आपापल्या भीतीचं नाव दिलं. ती ते नाव मुकाट्याने घ्यायची. त्या नावावरूनच तिला कळायचं की या लोकांना नेमकं काय गमवायची भीती आहे.

नाटक कंपनीतही तसंच झालं.

"खुफिया हाय," पेटीवाला वीरण्णा म्हणाला. "मी सांगून ठेवतो. रोज अमीनसाहेबाला खबर जाती."

"कशाची रे?" सिद्धम्मा भाकरी थापता थापता म्हणाली. "तुझ्या पेटीत कोणतं राज्य उलथायचं गुपित हाय? दोन सूर तर मरून पडलेत."

"मग सारखी बघती कशाला?"

"तुला बघत न्हाई, जीव टाकू नको. मल्लूला बघती."

हे मात्र खरं होतं. मल्लिकार्जुनच्या ते केव्हाच ध्यानात आलं होतं.

शिंपीण असती तर तिने दोऱ्याचं विचारलं असतं. ही विचारायची श्वासाचं. "मल्लण्णा, लुगडं नेसताना पोट आत का घेता? घागर उचलता तेव्हा आधी खांदा का पाडता?" आणि तिचं बोलणं. नटाचा कान तो. तिचं 'न्हाई' जरा उशिरा यायचं, पाठ केलेलं वाक्य यावं तसं. पायात चप्पल घालायची सवय असलेली बाई अनवाणी चालते, तसं तिचं पाऊल पडायचं. मल्लिकार्जुनने मनात गणित मांडलं: ही बाई सोंग घेऊन आली आहे. सोंग कोणाला येतं? नटाला. बाई नट आपल्या कंपनीत कशाला येईल? आपल्या जागेसाठी.

हे गणित दुसऱ्या कोणी मांडलं नसतं. पण मल्लिकार्जुनला दुसरं सुचणं शक्य नव्हतं. गेल्या हंगामात नांदेडला एक मोठी कंपनी येऊन गेली होती. त्यांची नायिका खरीखुरी बाई होती. लोकांनी कनात फाडली, असं वीरण्णा मिटक्या मारत सांगायचा. मल्लिकार्जुनचा आवाज आता खाली उतरू लागला होता. दाढी दिवसातून दोनदा करावी लागे. चंद्रप्रभा गेली तर मागे काय उरतं, हे त्याला उदगीरला गेल्यावर दरवेळी नव्याने कळायचं.

कंपनी लातूरहून उदगीरला आली. तिथे गंजात त्याच्या भावाचं, संगप्पाचं, अडतीचं दुकान होतं. संगप्पा वाईट माणूस नव्हता. भावाला जेवू घालायचा, नवं धोतर द्यायचा. फक्त म्हणायचा, "मल्लू, तू आत बस. गिऱ्हाईक बघतंय." म्हणजे बाईचं सोंग करणारा भाऊ गिऱ्हाइकाच्या नजरेस पडायला नको. चौदा वर्षांचा असताना मल्लिकार्जुन त्याच दुकानातून पळाला होता. परत जायचं तर त्या मागच्या खोलीत, हरभऱ्याच्या पोत्यांमध्ये.

त्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा त्याची आई, शिवम्मा, हसून म्हणाली, "तुमच्या कंपनीतली ती बाई लई गोड हाय रे. सकाळी येऊन गेली."

"कोण बाई?"

"विमल. विचारत होती, मल्लू लहानपनी कसा चालायचा, पानी भरायला कोनाबरोबर जायचा. मी सांगितलं, माझ्यामागं मागं, माझा पदर धरून. माझ्यासारखाच चालायचा."

मल्लिकार्जुनने घास ताटात परत ठेवला. राणीची चाल त्याने कुठून घेतली ते त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. चोर दाराशी नव्हता आला, मुळाशी आला होता.

त्याने सापळा लावायचं ठरवलं. नाटक कंपनीत जुनी पद्धत असते: विद्या मागणाऱ्याला विद्या द्यायची, पण त्यात एक खोटी गोष्ट मिसळून द्यायची. ती खोटी गोष्ट दुसऱ्या रंगमंचावर दिसली की चोर कोण ते कळतं. मल्लिकार्जुनने रंगपटात विमलला बोलावलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला,

"तुम्ही विचारता म्हनून सांगतो. कुनाला बोलायचं न्हाई. लुगडं अंगाला लागायच्या आधी भाजलेला चिंचोका जिभेखाली धरायचा. आवाज बारीक ऱ्हातो. आमच्या गुरूंनी मला दिलेलं हाय."

"भाजलेलाच?"

"भाजलेलाच. कच्चा चालत न्हाई."

तिने अगदी गंभीरपणे मान हलवली. त्याला आतून हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली. ज्या गुरूंचं नाव घेतलं ते वारलेले होते. त्यांना आयुष्यात चिंचोका चावताही आला नसता, दात नव्हते.

उदगीरहून कंपनी लॉरीने निघाली. नांदेडच्या आधी नायगावला मुक्काम पडला. सकाळी मल्लिकार्जुन तांब्या घेऊन बाहेर पडला, तो विहिरीकडे कोणीतरी चालताना दिसलं. हिरवं लुगडं, कमरेवर घागर. आधी खांदा पडला, मग मान वळली, मग पाऊल. डाव्या पायावर क्षणभर थांबून, जणू जमिनीची परवानगी घेऊन, पुढचं पाऊल. मल्लिकार्जुन जागच्या जागी थिजला.

ती चंद्रप्रभा होती. त्याची चंद्रप्रभा. इतकी वर्षं लोक जिच्यासाठी उसासे टाकत होते तिला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसा, तो तिच्या आत असायचा. आज पहिल्यांदा ती त्याला पाठमोरी दिसली. सुंदर होती. त्याच्या आईसारखी होती. आणि दुसऱ्या कोणाच्या तरी अंगात होती.

मग ती वळली. तिचा गाल एका बाजूने किंचित फुगलेला होता. तिने जिभेखालून काहीतरी काढलं, निरखून पाहिलं आणि पुन्हा तोंडात ठेवलं.

चिंचोका.

आता शंकेला जागा राहिली नव्हती. नांदेड जवळ आलं तसा तिने पदर नाकापर्यंत ओढला. लातुरात उघड्या तोंडाने फिरणारी बाई इथे तोंड लपवते. कोणाच्या नजरेपासून? मल्लिकार्जुनच्या मते उत्तर एकच होतं: ती मोठी कंपनी इथे येऊन गेलेली, इथले लोक हिला ओळखत असणार. तिचे वडील याच गावात कोर्टाच्या वाटेवर राहतात हे त्याला कुठून ठाऊक असणार.

नांदेडला मंडप उभा राहिला त्याच दिवशी तो मालकांकडे गेला. चन्नबसप्पा मालक अमीनसाहेबांच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकून घेत होते.

"मालक, ती विमल चोर हाय."

"काय उचललं?"

"माझी राणी उचलली. चाल, हात, मान, समदं. पदं पन पाठ हायत तिला, गुणगुणती. माझा पाठ पहिल्यापासून शेवटापर्यंत त्या बाईला येतो. तिला आजच्या आज काढा."

मालकांनी हातोडी खाली ठेवली. मल्लिकार्जुनला वाटलं, संतापले. पण मालकांच्या डोळ्यांत संताप नव्हता. सणाच्या बाजारात स्वस्त बैल दिसल्यावर शेतकऱ्याचे डोळे होतात, तसं काहीतरी होतं.

"समदा येतो?" मालक म्हणाले.

"समदा."

"तुझ्यासारखा?"

मल्लिकार्जुनला खोटं बोलता आलं असतं. पण नायगावच्या विहिरीवरची ती चाल त्याच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि चांगल्या कामाला वाईट म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. "माझ्यासारखा," तो म्हणाला.

"बाई हाय. आनि समदा पाठ येतो." मालक मांडी बदलून बसले. "मल्ल्या, मी हैदराबादेपर्यंत मानूस पाठवला होता रे बाई बघायला. आपल्याच कपडेपटात बसली होती म्हन की. उद्या दुपारी तिची तालीम बघू."

तालीम बघायला म्हणजे परीक्षा घ्यायला. मल्लिकार्जुन तिथून कसा बाहेर आला ते त्याला कळलं नाही. मालकांच्या मनात कोणाला आणायचं ते ठरलेलं नव्हतं. बोट धरून त्यांना तिथवर नेलं ते त्यानेच.

ही बातमी सिद्धम्माने विमलला सांगितली आणि मल्लिकार्जुनलाही ऐकवली. "तुझ्याच तोंडानं झालं न्हवं? आता गिळ भाकर. ती पोरगी तर ऐकून पांढरी पडली."

"सोंग हाय तिचं."

"तुला समदं जग सोंगच वाटतं. जन्मच तसा गेला तुझा." आणि मग जरा थांबून, हळूच, "भाजी घालू का अजून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपात गॅसबत्त्या नव्हत्या. वरून कनातीच्या फटींतून ऊन येत होतं आणि धूळ त्यात तरंगत होती. वीरण्णा पेटीवर बसला. मालक अमीनसाहेबांच्या खुर्चीवर. बाकीचे नट जमिनीवर. मल्लिकार्जुन विंगेत उभा राहिला, कारण दुसरीकडे कुठे उभं राहायचं ते त्याला माहीत नव्हतं.

विमल कपडेपटातून आली. राणीचं लुगडं नेसली होती, त्याचंच, तिनेच टिकल्या लावलेलं. विंगेत त्याच्याजवळ क्षणभर थांबली. तिने चोळीच्या गाठीतून काहीतरी काढलं, त्याला दिसेल असं बोटांत धरलं आणि तोंडात टाकलं. एक नाही, दोन चिंचोके. मग ती रंगमंचावर गेली.

चाल आधी बिघडली. खांदा पडला पण मान वळायची राहिली, आणि घागर अशी धरली की जणू कोणाच्या डोक्यात घालायची आहे. मागच्या नटांत खसखस पिकली. वीरण्णाने सूर दिला. राणी दारात दिवा घेऊन उभी राहते ते पद. तिने तोंड उघडलं आणि जो आवाज आला त्याला गाणं म्हणायला फार मोठं मन लागलं असतं. शब्द जिभेवरून घसरत होते, तोंडात पाणी सुटत होतं, ते गिळताना सूर मध्येच बुडत होता. दिवा विझतो त्या ओळीवर तिला ठसका लागला.

मंडप हसून हसून लोळला. वीरण्णाने पेटीवर डोकं टेकवलं. मालक उठले, धोतर झटकलं.

"मल्ल्या," ते विंगेकडे बघून ओरडले, "कशाला माझी दुपार घालवली? म्हने समदं येतं. अरे बाईला बाई जमत न्हाई. हे आपल्याच मानसाचं काम हाय. हैदराबादेच्या मानसाला तार करा, परत ये म्हनाव."

हंगाम वाचला. त्या दिवशी मल्लिकार्जुनची चंद्रप्रभा वाचली, आणि पुढचे काही हंगाम तीच उभी राहिली.

पण त्याला आनंद होईना. नायगावला त्याने जे पाहिलं ते कोणी पाहिलेलं नव्हतं. ही बाई चालू शकत होती. गाऊ शकत होती. तिने ते सगळ्यांदेखत मोडून टाकलं होतं, आणि तिने त्याला आधी चिंचोका दाखवून मगच मोडलं होतं. फुकट कोणी असं करत नाही, असं त्याचं मन अजून म्हणत होतं. मंडप रिकामा झाल्यावर तो कपडेपटात गेला. ती बोचकं बांधत होती.

"कोन हाय तुम्ही?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. नाव, वडील, गाव, साप्ताहिक. आता तिचं 'नाही' वेळेवर येत होतं. त्याने सगळं ऐकलं आणि तरी विचारलं, "मग माझी चाल कशाला उचलली?"

"चालून बघितल्याशिवाय मला ती लिहिता येत नाही. तुमच्या आईंना विचारलं तेही त्यासाठीच."

"आनि आज? मालक तुम्हाला राणी करत होते. तुम्हाला..." त्याने राणीच्या लुगड्याकडे बोट दाखवलं. "तुम्हाला नको वाटली?"

तिने लुगड्याच्या टिकल्यांवरून बोट फिरवलं. "हवी वाटली," ती म्हणाली. "म्हणून तर दोन ठेवले. एकाने कदाचित भागलं नसतं."

"नुसतं नको म्हनायचं होतं."

"मग मालकांनी दुसरी शोधली असती."

मल्लिकार्जुन खाली बसला. त्याने कानामागची विभूती बोटाला लावली आणि पुन्हा कानामागेच पुसली.

"गाव लिहायचं न्हाई," शेवटी तो म्हणाला. "इजाजत जाईल आमची. आनि आईचं नाव न्हाई."

"कोणाचंच लिहीत नाही मी."

उन्हाळ्यात ते साप्ताहिक बार्शीकडून आलेल्या कोणा प्रवाशाच्या पिशवीतून कंपनीत पोचलं. गाव नव्हतं, नाव नव्हतं. वीरण्णाने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "कुनाबद्दल हाय रे हे? कुनी मोठा नट दिसतो." सिद्धम्माने मल्लिकार्जुनच्या ताटात तूप वाढलं. लेखात सगळं होतं. आईमागे पाण्याला जाणारा मुलगा, पोट आत घेऊन नेसलेलं लुगडं, राणी घाबरू नये म्हणून धरलेलं मौन, मागच्या खोलीतली हरभऱ्याची पोती. मल्लिकार्जुनने तो लेख पुन्हा पुन्हा वाचला, एका गोष्टीसाठी. ती गोष्ट त्यात कुठेच नव्हती.

मग त्याला नांदेडचा तो दिवस आठवला. ती वडिलांच्या घरी निघाली होती. टांगा मंडपाच्या दाराशी उभा होता, बोचकं पायाशी. तो तिला निरोप द्यायला बाहेर आला होता. पाठ नसलेलं बोलायची त्याला सवयच नव्हती. तिने मूठ पुढे केली आणि दोन भाजलेले चिंचोके त्याच्या तळहातावर ठेवले. टांगेवाल्याने लगाम ओढला, घोडा हलला, आणि ती मागे वळून त्याच्याशी शेवटचं बोलली. तो तेव्हा नुसता हसत राहिला, डोळे पुसत.

"याने आवाज बारीक होत नाही, मल्लण्णा. हे तेवढं लिहू, का राहू दे?"